डोंगर कुठल्या बाजूला

सिदेमन, १२ मार्च १९९४

ती. पुतू ब्लीस,
धाकट्या बहिणीचा, कादेकचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बोटीवरचा फोटो पोचला. पांढऱ्या टोपीतला तू मेमेला ओळखूच आला नाहीस. म्हणाली, माझा लेक सोडून कुठल्या हॉटेलवाल्याचा फोटो पाठवलाय यानं? घरी सगळे खुशाल आहेत असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं झालं असतं.

परवा बापांच्या गाडीतून एक म्हातारं डच जोडपं बेट बघायला निघालं. इंग्रजी बोलायला मी पुढे बसले. दिवस छान चालला होता. साहेब प्रत्येक भातखाचराशी गाडी थांबवून फोटो काढत होते आणि बापा मला हळूच सांगत होते की आता आपली वाळत घातलेली लुंगीसुद्धा यांच्या देशाला जाणार. बेसाकीच्या देवळातल्या कथा त्यांनी एक शब्द न चुकता सांगितल्या.

परतताना रेंदांगच्या तिठ्यावर बापांनी गाडी उभी केली. आभाळ स्वच्छ होतं. अख्खा अगुंग डोंगर समोरच्या काचेत मावत नव्हता. त्यांनी पाहुण्यांना कळू नये म्हणून आपल्या भाषेत विचारलं, "कादेक, डोंगर कुठल्या बाजूला?"

मला थट्टा वाटली. मी हसत बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि गाडी भलत्याच रस्त्याला घातली. उतारावर डोक्यावर नैवेद्य घेतलेल्या बायकांची रांग येत होती. ब्रेक लागला तेव्हा पहिल्या बाईच्या ताटातली फळं आपल्या बॉनेटवर पडली. पाहुण्यांना तो आशीर्वाद वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मेमेला सांगितलं, तर तिला नवल वाटलंच नाही. गेले काही महिने बापा डोंगराकडे पाय करून झोपतात आणि ती त्यांची उशी फिरवून पुन्हा डोंगराकडे ठेवते. पालिंग हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. डोंगर कुठे आणि समुद्र कुठे हे हरवलेल्या माणसाला तो आपण किती सहज लावतो, वेड्याला लावावा तसा.

बापांना खरं सांगावं आणि गाडी चालवणं थांबवावं, असं मला वाटतं. ब्ली, तू थोरला भाऊ आहेस. तुझं काय म्हणणं?

समुद्रापलीकडूनही माया आटू देऊ नकोस.
तुझी,
कादेक

*

बोटीवरून, ६ एप्रिल

चि. कादेक हिस,
पुतूचे अनेक आशीर्वाद.

पदवी तुला शिक्षिकेची मिळाली की डॉक्टरची? बापा दमले असतील. त्या दिवशी किंतामणीला गेला होतात का? त्या अंगाला गेलं की आपला डोंगर उलट्या बाजूला येतो, मग कोणीही गोंधळेल.

माझंच सांगतो. बोटीवर आलो तेव्हा मला कित्येक रात्री झोप नव्हती, डोकं कुठे करावं कळेना. स्वयंपाकघरात एकाला जरा डोंगराकडे सरक म्हणालो, तर सगळे पोट धरून हसले. इथे लोक डावं-उजवं करतात. ते काय, माणूस वळला की तेही वळतं. पण सवय झाली. बापांचंही होईल.

त्यांना काही बोलू नकोस. हातात गाडी असते तोवरच तो माणूस सुखी असतो, हे मी लहानपणापासून बघतोय. तू शेजारी बसत जा. मेमेला सांग, टोपीतला मीच.

थोरल्याचा राग धरू नये.
पुतू

*

सिदेमन, ११ मे

ती. पुतू ब्लीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, याची आधी क्षमा मागते. किंतामणीला आम्ही गेलोच नव्हतो. आणि मी शेजारीच तर बसले होते, ब्ली. तरी ताटातली फळं पडली. उद्या फळांवर भागलं नाही तर?

त्यांना देनपसारला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, मुलांची नावं विचारली. बापांनी सगळं बरोबर सांगितलं आणि माझ्याकडे बघून मिश्या पिळल्या. डॉक्टर जावा बेटाचे, ते आपल्यासारखं डोंगराचं कशाला विचारतील? मीच सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. हे बरं होणारं नाही, म्हणाले.

घरी येऊन मी बापांना सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. ते ओरडले नाहीत. बरेच दिवस मला फक्त "सरकारी बाई" म्हणत आणि मेमेमार्फत बोलत. मग एका सकाळी चालकाच्या जागेवर त्यांनी उशी आणून ठेवली. माझी उंची पुरत नाही म्हणून. स्वतः पलीकडे जाऊन बसले.

आता मी चालवते, ते शिकवतात. त्यासाठी पाहुण्यांशी बोलायचे शब्द वापरतात. डावीकडे घे, उजवीकडे बघ. हे शब्द त्यांच्या अंगाला चिकटलेले आहेत, हरवत नाहीत. ज्या डाव्या-उजव्याला तू हसलास, तेच त्यांना धरायला उरलंय.

काल जेवताना ते मेमेला म्हणाले, "पाणी जरा डावीकडे ठेव." आपल्या घरात, ब्ली, जिथे डावं-उजवं कधी कोणी म्हटलं नाही. मेमे तांब्या हातात धरून तशीच थांबली. डावा हात कुठला, हे तिला आठवावं लागलं. मग तिने दोन्ही हातांकडे बघितलं आणि तांब्या बरोबर ठेवला.

तू येशील तेव्हा त्यांच्याशी असंच बोल. तुला सवय आहेच.

माया आहे तशीच असावी, हेच मागणं.
तुझी,
कादेक