भिंतीचं नाक

३ तारीख, सोमवार

पोचलो बुवा एकदाचा. ही वही आत्याच्या हुकुमावरून. फोनवर मी अर्धं विसरतो आणि उरलेलं अर्धं वाढवून सांगतो, तेव्हा लिहूनच आण म्हणाली. आपली मजल सातवीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायाचं. आत्या, चालवून घे.

गाव लहान पण झोकदार आहे. दगडी रस्ते, कौलारू घरं, नदीवर पूल. जुन्या धान्यकोठाराचं तळघर दुरुस्त करून तिथं दुकानं काढणार आहेत, ते आमचं काम. मुकादम आवाजानं जाडा, मनानं बरा. मी आजवर किती कामं सोडली ते ऐकून म्हणाला, तुझ्या पायाला भिंगरी आहे, थांब, ओल्या सिमेंटात उभा करतो तुला. दुपारपर्यंत माझं नाव भिंगरी पडलं.

राहायला एका म्हातारीच्या घरी माडीवरची खोली. मावशी म्हण म्हणाली. एकटीच असते. माझे बूट बघून आधी पाय धुवायला लावले, मग जेवायला वाढलं.

मी इथं का आलो ते आत्याला ठाऊक आहे, पण लिहून ठेवतो. लढाईत फौजेनं पणजोबांना गवंडीकामासाठी धरून या गावात आणलं होतं. बरोबर धरलेल्यांपैकी कोणी परतलं नाही. पणजोबा एकटे चालत घरी आले आणि त्यावर जन्मभर अवाक्षर बोलले नाहीत. घरात सगळे म्हणतात, त्यांच्या हाताला यश होतं. म्हटलं, बघू तरी ते यश कसं दिसतं.

५ तारीख

सापडलं!

तळघर सगळं दगडी. टोकाला मात्र एका जुन्या दाराच्या चौकटीत विटांची भिंत भरलेली. खाली डाव्या अंगाला एक उभी दरज मोकळी, करंगळी जाईल एवढी, आत वर चढत गेलेली. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. याला आम्ही भिंतीचं नाक म्हणतो. आमच्या घराबाहेर हे कोणी ठेवत नाही, दुसरे गवंडी तर हसतात. पण पणजोबांनी आजोबांना शिकवलं, आजोबांनी बापाला, आणि बापानं थापीचा दांडा पाठीत घालून मला: भिंतीला नाक ठेवावं, कोंडून घालू नये.

मी सगळ्यांना गोळा करून दाखवलं, ही माझ्या पणजोबांची भिंत. आमच्यातला लांब्या म्हणाला, मग ने की पाठीवर टाकून, वारसच ना तू. मुकादमही हसला.

आत्याला फोन केला तर ती रडायलाच लागली. पणजोबांचा फोटो पुसून दारासमोर लावते म्हणाली. ताई बाळंतपणाला माहेरी आलीय, तिला मुलगा झाला तर त्याला त्यांचंच नाव.

७ तारीख

मुकादम म्हणाला, भोक बुजव, गिलावा करायचाय. जिवावर आलं, पण चाकरी ती चाकरी. माल कालवला आणि बुजवलं. बापाची माफी मागितली मनातल्या मनात.

८ तारीख

बुजवलेला माल खाली पडला होता. लांब्याची टवाळी असणार म्हणून त्याला शिव्या घातल्या. त्यानं आईची शपथ घेतली. पुन्हा भरला. मी समोर उभा असतानाच तो हळूहळू बाहेर आला. कोणीतरी आतून बोटानं ढकलावा तसा.

दरजेला तळहात लावला. ऊब होती. वारा असेल. पण वारा एका बाजूनं येतो. हा येत होता आणि जात होता.

९ तारीख, रविवार

दुपारी जेवताना मावशीला गंमत म्हणून सांगितलं, तुमच्या तळघराची भिंत श्वास घेते. तिनं हातातला डाव खाली ठेवला.

म्हणाली, तिथं माणसं लपली होती. गल्लीतली सगळी, पोरंबाळं धरून. तिचा दादाही. ही स्वतः तापानं आजारी म्हणून आईनं हिला घरी ठेवलं होतं. फौजेला सुगावा लागला. त्यांनी गोळ्या घातल्या नाहीत, गवंडी आणला. परका होता. त्याला म्हणाले, दार चिण आणि घरी जा. त्यानं चिणलं. भोक ठेवलं, दया आली असेल त्याला. तिची आई चोरून तिथं ओलं फडकं लावायची, आतली माणसं चोखायची. मग पहारा बसला. भोक नसतं तर बिचारी लवकर सुटली असती, मावशी म्हणाली. वारा मिळत राहिला ना. कितीतरी दिवस आवाज यायचे.

मला विचारलं, तू गवंडी, असं भोक कोण ठेवतं रे?

मी म्हटलं, माहीत नाही मावशी.

तिनं मला आणखी वाढलं. मी खाल्लं.

१० तारीख

आत्याचा फोन. कळलं का काही? मी म्हटलं, पणजोबांनी इथं धान्याचं कोठार बांधलं. केवढी खूश झाली. ताईला मुलगा झालाय.

तिकडे दार चिणलं म्हणून इकडे आजोबा. म्हणून बाप, म्हणून मी. म्हणून आता हे बाळ. आम्ही सगळे त्या भोकातून निघालोत, आणि ते अजून आत.

मावशी माझा सदरा शिवत बसलीय.

१२ तारीख

राहवलं नाही. बाकीचे जेवायला वर गेल्यावर भिंतीला तोंड लावलं. म्हटलं, तुम्हाला चिणणाऱ्याचा मी पणतू. काय शिक्षा द्यायची ती मला द्या.

श्वास थांबला. मग आतून एक बारीक आवाज. रागाचा नाही. त्यानं विचारलं, तो घरी पोचला का?

मी म्हटलं, हो.

मग सगळेच विचारायला लागले. घर कुठंय. लांब आहे का. कोण कोण असतं. मी रडत रडत सांगत सुटलो. पूल, घाट, आमची गल्ली, आत्या, ताई, बाळ. एवढं तरी द्यावं त्यांना. एवढं तर ऐकू दे.

१३ तारीख

भिंत गार. श्वास नाही. सुटले बहुतेक. छातीवरचा धोंडा उतरला. आज मावशीला खरं सांगणार.

१३, दुपारी

सांगितलं. मारलं नाही, रडलीही नाही. म्हणाली, तू भोक दाखवत होतास ना सगळ्यांना, तेव्हाच गावभर झालं. तू कधी सांगतोस ते बघत होते. मग विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितलं. तिचा चेहरा—

रस्ता सांगितलास, म्हणाली. अरे, त्यांना घरीच तर जायचं होतं. त्यांचं घर आता कुठं उरलंय.

१३

फोन लागत नाही.

लागत नाही. ताईचा पण—

१४

आत्यानं उचलला. हसत होती. घर भरलंय म्हणाली, तुझ्या त्या कामाच्या गावची माणसं आलीत, पांढरी, चुन्यात लोळल्यासारखी. पोरंबाळं पण. नुसतं पाणी मागतात. हंडा संपला, पिंप संपलं. फोटोसमोर बसलीत, बाळाला हातोहात फिरवतात. मी म्हटलं, आत्या, बाळाला घे आणि बाहेर नीघ. ताईला घे. आत्ता. ती म्हणाली, अरे थांब, काय झालं— आणि चालल्याचा आवाज. मग म्हणाली, अरे, इथं दार होतं ना रे आपलं, फोटोसमोर, इथं तर भिंत—

मी विचारलं, आत्या, खाली बघ, डाव्या बाजूला, भोक आहे का. भोक ठेवलंय का त्यांनी. ती म्हणाली