उजेड डावीकडून यावा

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. तुमच्या शनिवारच्या तासाची आम्ही खोलीवर आल्यावर नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचो. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि नगरात उपकार करायची हौस बऱ्याच जणांना आली होती. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पोरांना अभ्यास कसा करावा ते शिकवायचं, असं तुमच्या मनानं घेतलं. टेबलाशी ताठ बसा, उजेड डावीकडून यावा, सकाळी कपभर दूध घेऊन मगच पुस्तक उघडा. माझा गाववाला आणि मी, अकोले तालुक्याच्या डोंगरातले दोघं, पत्र्याच्या ट्रंकेवर पुस्तक ठेवून वाचत होतो, तेही दोघांत एक. आणि तुम्ही फळ्यावर टेबलाचं चित्र काढत होतात. इतका शिकलेला माणूस इतका बिनडोक असू शकतो, हे मला तुमच्यामुळे कळलं.

आमच्या गावात मनातल्या मनात कुणी वाचत नसे. पोथी असो की तलाठ्याचा कागद, अक्षर येणारा मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आम्हीही तेच करायचो. मी वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि सगळं पान आपल्या बोलीत सांगायचा. "म्हंजी राजाला कुनी इचारायचं न्हाई, आन इचारलं तर इचारनाराच चुकला, असं हाय हे." तेव्हा कुठे इतिहास माझ्या डोक्यात शिरायचा.

एका दुपारी कॉलेजच्या वाचनालयात आम्ही तसेच बसलो आहोत. कपाटाआडून तुम्ही येता. "कोण पारायण करतंय?" मी मान खाली घालतो. तो उठतो. "मी, सर. चुकलं." तुम्ही खिशातली पेन्सिल काढून त्याच्या दातांत देता. "ही पडली नाही म्हणजे तोंड बंद राहील." तासभर तो तसाच बसला. हनुवटीवर लाळ आली तरी पुसली नाही, पोरं हसत राहिली, आणि तुम्ही मोठी विद्या दिल्यासारखे घरी जेवायला गेलात.

चौथ्या दिवशी तो सर्व्हिस मोटारीनं गावी निघाला. स्टँडवर म्हणाला, "तू ऱ्हा. तुला वाचाया येतंय. मला निस्तं ऐकाया येतंय, त्याची परीक्षा नसती." तो परत आला नाही. जन्मभर भात लावत राहिला.

पुढे मीही प्राध्यापक झालो आणि अशाच पोरांचा तास घेऊ लागलो. दूध-टेबलाचं काही सांगितलं नाही. जोड्या लावल्या, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या भाषेत सांगायचं. पोरं पास होत गेली. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी विचारलं, ही पद्धत कुठं शिकलात? मी तुमचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या, सर. तुमची लायकी नसताना झाल्या. कारण त्याचं नाव घेतलं असतं तर तो का गेला तेही सांगावं लागलं असतं.

त्या दुपारी वाचत मी होतो.

तो अजून गावात आहे, म्हणून तर हे तुम्हाला लिहितोय. त्याचे डोळे आता गेलेत. त्याला पत्र धाडलं तर त्याची नात ते मोठ्यानं वाचील, आणि सगळं घर ऐकेल.