तुमच्या टाचेची जखम

बाबा, आज दुपारी उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे बसून नोंदी करताना तुमची आठवण आली. मधुमेह झालेल्या उंदराच्या पाठीवर आम्ही लहानशी जखम करतो आणि ती रोज मोजतो. जखम झाली की आधी सफाई करणाऱ्या पेशी धावत येतात, जंतू आणि मेलेलं मांस खातात. मग त्यांनीच रूप बदलून बांधणाऱ्या पेशींना हाक द्यायची असते. साखर वाढलेल्या अंगात त्या सफाईतच अडकून पडतात आणि जखम उघडी राहते. त्यांना पुढे ढकलणारा रेणू मी चौदा वर्षं शोधते आहे. यंदाचाही चालला नाही. आता बसून बसून माझी पाठ आखडते, डोळे चुरचुरतात.

तुम्ही आपल्या जंगलपट्टीतल्या गोरेगावच्या दवाखान्यात ड्रेसर होता, जखमा धुऊन पट्ट्या करायचात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्यासोबत यायची. मोहफुलं वेचताना अस्वलानं खांदा फाडलेला तो माणूस स्टुलावर बसला आहे, पट्टी मांसाला चिकटली आहे, तुम्ही तिच्यावर सलाईनचं पाणी सोडता आणि नुसते थांबता. मी चुळबुळते. ‘‘काऊन घाई करून राहिली? भिजू दे.’’ खांदा आधीसारखा होईल का, असं मी विचारते. ‘‘भरून येते. पयलेसारका नाही होत,’’ तुम्ही त्याच्या देखतच सांगता. अंग घाईघाईनं कोलॅजनचे धागे विणून भोक बुजवतं, म्हणून वण राहतो, हे मला कितीतरी वर्षांनी वर्गात कळलं.

मग ती दिवाळी. फुलचूरला आपल्या घरी आले तर तुमच्या, साखर असलेल्या माणसाच्या, टाचेला पट्टी. नवी चप्पल लागली म्हणालात. वास मला दारातच आला होता. ‘‘सोडा, पाहू द्या,’’ मी म्हटलं. तुम्ही पाय मागे घेतला. ‘‘जिंदगीभर पट्ट्या केल्या म्या. मले शिकवून राहिली का? तू आपले उंदीर सांभाळ!’’ मी संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला परतले. तीन आठवड्यांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागला, पण तोवर विष रक्तात गेलं होतं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. आई अजून म्हणते, ‘‘कोनाचं आयकत होते का ते?’’ मी मान डोलावते.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण आईला सांगितलं नाही ते लिहून ठेवते. तुम्ही ओरडलात तेव्हा मला बरं वाटलं होतं, बाबा. दुसऱ्या दिवशी सकाळी उंदरांची मोजमापं घ्यायची होती, आणि पट्टी सोडून पाहिली असती तर मला थांबावं लागलं असतं.