कोऱ्या काचेवरचं हिरवं

हायडलबर्ग, बुधवार

तीर्थरूप आप्पांना क्रांतीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुमच्या गोळ्या विश्वजीतदादा आठवणीनं देतो ना?

माझं काम नेमकं काय, असं तुम्ही विचारलं होतं. पेशीत एक प्रथिन असतं, आपल्या हळदीच्या मार्केट यार्डातल्या हमालासारखं. ते मालाच्या थैल्या इकडून तिकडं नेतं. आई ज्या कॅन्सरनं गेली, त्यात ते थैल्या भलतीकडंच टाकतं. आम्ही चमकता रंग लावलेली अँटीबॉडी घालतो, ती त्याला हुडकून चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिथं हिरवं चमकतं.

सोमवारी तुलनेसाठी एका काचेवर मी अँटीबॉडी घातलीच नव्हती. ती काळी दिसायला हवी होती, तरी कडेला हिरवं चमकलं. नीट पाहिलं तर बोटाचा ठसा होता.

डबा खाऊन आल्यावर हातमोजा न घालताच मी काच धरली होती. आईनं शेवटी दळून पाठवलेली हळद बोटाला होती, आणि हळद सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात हिरवी चमकते. "हळदीचा हात लपत न्हाई," असं ती म्हणायची.

लॅबच्या मॅडमनी काच टाकून द्यायला सांगितली. टाकली, असं मी त्यांना सांगितलं. ती माझ्या खणात आहे. रोज एकदा बघत होते, पण दर वेळी ठसा थोडा फिका होतो. म्हणून कालपासून बघत नाही.

उजेडानं हळदीचा रंग उडतो, हे तुम्हीच शिकवलंय. आईची हळदीची बरणी खिडकीत असेल तर आत ठेवा.

तुमची,
क्रांती