आरामखुर्ची सोडून सर्व काही

२० नोव्हेंबर १९५८, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढे उपयोगी पडतात.
चुलतभाऊ रूपचंदनं गावच्या शाळेला जुनं घड्याळ दिलं. काल त्याचा सत्कार. हार, नारळ, फेटा. घड्याळावर त्याचं नाव आकड्यांपेक्षा मोठं. किती वाजले ते दिसत नाही, रूपचंद दिसतो. मला हेवा वाटत नाही. फक्त रात्री झोप लागली नाही.
ठराव: मीही दान करणार. गाडीभर.

२१ नोव्हेंबर
तोरणमाळचा डोंगरसिंग मध आणि डिंक घेऊन आला. ओट्यावर बसला. बोलता बोलता त्याच्या सुनेचं, नानीबाईचं निघालं. गेल्या वर्षी ती अडली तेव्हा चौघांनी बांबूला कापडाची झोळी बांधून तिला घाटातून खाली आणलं. झोळीत माणूस दुमडून जातं. तिला श्वास घेता येईना. ती कशीबशी वाचली, मूल वाटेतच गेलं. आता पुन्हा दिवस गेलेत. पौषात होईल.
मला भरून आलं. म्हटलं, डोंगरसिंग, काय हवं ते माग.
त्यानं मला उठवलं आणि मी बसलो होतो ती आरामखुर्ची एका हातानं उचलून पाहिली. सागाची, लांब हातांची, जाड कापडाची. म्हणाला, पाटील, हाई दी टाका. हातखाले दोन बांबू बांधसूत, बाई बशी-बशी उतरी जाई.
म्हटलं, दुसरं काहीही माग.
ही आतून म्हणाली, दुसरं घेऊन तो काय करणार? बायकांना दूरदृष्टी नसते. माझ्या सगळ्या योजना या खुर्चीत सुचतात. खुर्चीच दिली तर दान सुचणार कुठून?

२३ नोव्हेंबर
सातपुडा साह्य मंडळ स्थापन. अध्यक्ष मी. चिटणीस मी. हिला सभासद हो म्हटलं, तर कापूस वेचायला बायका थांबल्यात म्हणून शेतात निघून गेली. एकमतानं ठराव मंजूर.
नियम केले. पहिला: वस्तू जुनी चालेल, पण चांगली हवी. दुसरा: मंडळाच्या अध्यक्षाला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. तिसरा: प्रत्येक वस्तूवर देणाराचं नाव हवंच. नाव नसलेली वस्तू म्हणजे दान नव्हे, हरवलेलं सामान. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

२९ नोव्हेंबर
गावानं भरभरून दिलं. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, कर्ण्याचा ग्रामोफोन (सुई नाही, तबकडी नाही), कापड उडालेल्या छत्र्या सात, गळका बंब, एका पायाचा बूट. मी स्वतः लोखंडी नांगर देतोय. ओढायला बैलांच्या दोन जोड्या लागतात, आणि दोन वर्षांपासून मुठीशी मोडलाय. पण भारदस्त.
पहिला नियम जरा सैल केला.
नावांचा प्रश्न आला. वस्तू गावानं दिल्या हे खरं. पण मागितल्या मी. देण्यापेक्षा मागणं कठीण. सबब सगळीकडे माझंच नाव: सु. न. पाटील, ब्राह्मणपुरी, यांजकडून सप्रेम भेट.

५ डिसेंबर
शांतीलाल पेंटर सहा दिवस आमच्या ओसरीवर रंगवतोय. छत्रीच्या काड्यांवर अक्षरं बसेनात, म्हणून प्रत्येकीला पाटी लटकवली. नांगरावर मात्र झकास उठलं. पांढऱ्यावर लाल, वीतभर.
हिनं वेगळंच गाठोडं बांधलंय. सहा गोधड्या, दोन कंदील, विळे, बाळंतिणीला पाणी तापवायला तांब्याचं पातेलं. सगळं धडधाकट. नाव घालू देईना. गोधडीवर कशाला नाव, थंडीले वाचता येस का, म्हणाली. मी नियम वाचून दाखवला. तोवर ती शेतात पोचली होती.

१४ डिसेंबर
शहाद्याच्या बाजारातून डोंगरसिंगचा निरोप. खुर्चीचं काय झालं? उलट निरोप धाडला की काळजी नको, ग्रामोफोन येतोय.
दानसमारंभ २१ तारखेला, तोरणमाळवर. चढ खडा आहे. सराव म्हणून उद्यापासून रोज पहाटे नदीपर्यंत चालणार.

१५ डिसेंबर
थंडी.

१६ डिसेंबर
थंडी. शिवाय पायात काटा रुतल्यासारखं वाटतं. सापडत नाही.

१७ डिसेंबर
चालण्याचा विचार खुर्चीत बसून केला. विचार चांगला झाला.

२० डिसेंबर, संध्याकाळ
भाषण तयार. अकरा पानं. उद्या पहाटे निघायचं. गाडी हिनं स्वतः भरली, वरून गोधड्या टाकल्या. मदत करणार होतो, पण भाषण पाठ करत होतो.
ओसरीवर खुर्ची दिसली नाही. विचारलं. कापड धुवायला काढलंय म्हणाली. या घरात माझ्या सोयीकडे कोणीतरी पाहतं, बरं वाटलं.

२३ डिसेंबर
पडून लिहितोय. झालं ते खरं लिहिणं भाग आहे, कारण ही रोजनिशी आहे आणि रूपचंदला ती दिसणार नाही.
पायथ्याला डोंगरसिंग बारा गडी घेऊन उभा. त्यांनी सामान डोक्यावर घेतलं. नांगर दोघांनी बांबूला टांगला, पण अक्षरं आतल्या बाजूला! समोरून येणाऱ्याला काय कळणार? म्हटलं, फिरवा. त्यांनी फिरवला. नीट दिसतं का ते पाहायला मी त्यांच्या पुढे उलटा चालू लागलो. बराच चढलो तसाच. माथा हाकेवर राहिला होता. शेवटच्या वळणावर एवढंच आठवतं की ‘सप्रेम’ अगदी स्पष्ट दिसत होतं.
घोट्यात काडकन वाजलं. मी ओरडलो. पुढारी माणसानं ओरडू नये, पण ओरडलो.
आता खाली कसं जायचं? डोंगरसिंगनं मागच्या गड्याला हाक मारली. त्याच्या डोक्यावरच्या गोधड्या उतरवल्या, आणि आतून माझी आरामखुर्ची निघाली.
जाब विचारायचा होता, पण घोटा बोलू देत नव्हता. त्यांनी हातांखाली बांबू बांधले, मला बसवलं, चौघांनी उचललं. तीन तास. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये मी. भीती वाटली. खरंच वाटली. पण पाठ टेकलेली होती, पाय लांब होता, श्वास नीट येत होता. वाटेत एका दगडाशी चौघं थांबले. डोंगरसिंग दगडाकडे बोट करून म्हणाला, नानीनं बाळ आठे गये. तेवढंच. पुन्हा उचललं.
पुढे मी खाली पाहिलं नाही. भाषणाची पानं कुठे पडली ठाऊक नाही.
पायथ्याला मला गाडीत घातलं. खुर्ची चढवा म्हणणार होतो. मग तिच्या पाठीवर पाटी दिसली, शांतीलालच्याच अक्षरात. माझं नाव नाही. हिचंही नाही. फक्त: तोरणमाळ.
शांतीलालला हिनं कधी गाठलं? सहा दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. म्हणजे डोळे मिटलेले असताना.
मी म्हटलं, घेऊन जा. मोठ्या मनानं म्हटलं. पण ते तोवर वळणापर्यंत पोचले होते.

२८ डिसेंबर
हाडवैद्यानं घोटा बांधला. महिनाभर चालायचं नाही. बसायला खुर्ची नाही. कापसाच्या गोणीवर बसतो. घसरतो.
एकही योजना सुचली नाही. मी म्हटलंच होतं.

११ जानेवारी १९५९
डोंगरसिंग आला. शुक्रवारी नानीबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. खुर्चीत बसवून घाटातून खाली, तिथून गाडीनं शहाद्याच्या दवाखान्यात. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.
हिनं डोळ्यांना पदर लावला. मला खोकला आला. थंडीच फार आहे यंदा.
मी विचारलं, वाटेत गडी दमले असतील? तो म्हणाला, नाही, नानी त कापूसनं बोचकं. पाटील जड शेतस. गडी अजून सांगी ऱ्हायनात.
विचारलं, माझ्या नांगराचं काय? त्यांचे बैल लहान, जमीन दगडाची, नांगर काय चालणार! लोहारानं तोडून खुरपी आणि कुदळी केल्या, चौदा घरांना पुरल्या. नावाचं लोखंड सगळ्यात चांगलं निघालं म्हणाला. ग्रामोफोनचा कर्णा रानडुकरं हाकलायला फुंकतात. घड्याळाची पेटी झोपडीत ठेवलीय. तिच्यात कोंबडी अंडा दी ऱ्हायनी.
म्हणजे माझ्या नावावर कोंबडी बसते. अखेर नाव उपयोगी आलं, असं ही म्हणाली. आणि हसली. बऱ्याच वर्षांनी इतकं हसली.
जाताना डोंगरसिंगनं पिशवीतून एक बसका पाट काढला. सागाचा, स्वतः तासलेला, मागे टेकायला फळी. खुर्ची आमनाकडे शे, तुम्ही काय उभा ऱ्हाशात का, म्हणाला. मी नको नको म्हटलं. मग बसून पाहिलं. घसरत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
शांतीलालला बोलावलं. म्हटलं, पाटावर माझं नाव घाल, हरवायला नको. तो ब्रश बुडवणार, तोच ही तिळगूळ घेऊन बाहेर आली. हिनं विचारलं, भेट दिली कोणी? म्हटलं, डोंगरसिंगनं. मग तुम्हना तिसरा नियम काय शे?
मी नियमांचा कागद काढला. दोनदा वाचला. पळवाट ठेवली नव्हती.
अक्षरं छान आलीत. पांढऱ्यावर लाल, वीतभर: डोंगरसिंग, तोरणमाळ, यांजकडून सु. न. पाटील यांस सप्रेम भेट.
रंग वाळायला पाट उन्हात, अंगणात ठेवला. मी गोणीवर. तेवढ्यात रूपचंद तिळगूळ द्यायला आला. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. मग घरी जाऊन बायकोला घेऊन आला, आणि पुन्हा वाचलं.