शेण नव्हे, राब

रविवार, ११ मे. लोणावळा.

शेण म्हणे! डोकं अजून तापलंय. हॉटेलात सिगारची पेटी मी सांभाळतो. आज मालकांनी बारा वर्षं मुरलेल्या सिगार पाहुण्यांसाठी काढल्या आणि चव बघायला मलाही एक दिली. "कशी लागते? खरं सांग."

आधी मिरीसारखा ठसका, मग गोडसर, आणि शेवटी... मी बोलून गेलो, "साहेब, राब भाजल्यासारखी."

"राब म्हणजे?"

"भाताचं बी टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, तो."

"म्हणजे शेण!" सगळे खो खो हसले.

पाचच मिनिटांनी उशिरा आलेल्या पाहुण्याला हेच साहेब डोळे मिटून सांगत होते, "भाजलेल्या मातीची चव आहे. जाणकारालाच कळते." पाहुणा म्हणाला, "वा!"

चोर लेकाचा!

पण खरा राग त्याचा आहे का? परवाच परंदवडीला माझ्या वडिलांनी, आबांनी, राब भाजला. धुरात उभं राहून म्हणाले, "लय ग्वाड वास हाय बग."

आणि आज सगळे शेण म्हणून हसले, तेव्हा मीही हसलो.