आज वारा बरा नाही

प्रिय नुआला,

हे पत्र तुझ्या हातात डिम्पना देईल, आपल्या फेस्टीची पुतणी. ती गुरुवारी बॉस्टनला यायला निघतेय. पोस्टात टाकलं असतं, पण आपला पोस्टमन रोज दारात उभा राहून बाबाशी गप्पा मारतो, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहे. डिम्पनानं तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय. विमानात बसेपर्यंत जरी तिला जमलं तरी पुष्कळ झालं.

इकडे मेमाशी, ट्राउट मासे जिच्यावर तुटून पडतात ती, यंदा तळ्यातून वेळेवर उठलीय. काठावरची झुडपं भरून गेलीत, माशा खिडकीच्या काचांवर बसतात, परवा एक माझ्या चहात पडली. दरवर्षीसारखे डब्लिनचे लोक मासे धरायला गाड्या भरभरून आलेत आणि धक्क्यावर उभे राहून एकमेकांना तळ्याबद्दल शिकवतायत. फेस्टी म्हणतो, यांच्या तोंडातला वारा शिडात भरता आला असता तर इंजिनाला तेल लागलं नसतं. बाकी गाव आहे तसंच आहे. नवीन पाद्री फार हळू बोलतो, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांची झोप छान होते.

बाबाची तब्येत तू दर रविवारी फोनवर विचारतेस. तो तुला सांगतो, "मी ठणठणीत आहे गं, तुझी आई मला खायला घालून घालून मारणार आहे." अगं, एक बटाटा ताटात इकडून तिकडे फिरवतो आणि पोट भरलं म्हणतो. ऑपरेशननंतर फार उतरलाय. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोकं पाडून दिली मी. पण मेमाशी उठल्यापासून एकच हट्ट धरून बसलाय, एकदा तळ्यावर जायचं. मासा मिळो न मिळो, फेस्टीच्या होडीत बसायचं, लांब काठी हातात धरायची, दोरा वाऱ्यावर सोडायचा, बस्स. मी म्हटलं, जा की. त्यासाठी लागतो फक्त वारा.

तुला हे सगळं माहीत आहे, तू त्या होडीतच वाढलीस. मला मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वारा म्हणजे दोरीवरच्या चादरी, एवढंच कळायचं. आता या वयात शिकावं लागलं. कारण खिडकीतल्या खुर्चीवरून त्याला लाटा दिसतात, पण वारा अंगाला लागत नाही. म्हणून रोज सकाळी चहा झाला की तो मला धक्क्यावर पिटाळतो. मी जायचं, भिंतीपाशी उभं राहायचं आणि परत येऊन सांगायचं. पहिल्या दिवशी आले आणि म्हटलं, वारा आहे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुधात मीठ घातलंय. "आहे म्हणजे काय ऊना? गालाला लागतो की कानामागे? एकसारखा येतो की थांबून थांबून धक्के मारतो? बकऱ्यांच्या बेटापलीकडं पाणी पांढरं होतंय का?" मी म्हटलं, एवढी चौकशी तू मला मागणी घालताना माझ्या बापाकडं केली नव्हतीस. तो हसला, मग खोकला. मी परत धक्क्यावर गेले आणि नीट बघून आले.

तेव्हापासून मी शिकले. पाणी आरशासारखं असेल तर रेशमी दोरा काठीला लोंबत राहतो, टोकाला गळात अडकवलेली मेमाशी लाटांवर नाचत नाही आणि मासा वर बघतसुद्धा नाही. वारा फार असेल तर बेटापलीकडं फेस दिसतो, होडी हाताबाहेर जाते आणि खाली चुनखडीचे दगड वाट बघत असतात. पूर्वेचा असेल तर धडधाकट माणसाचीही हाडं दुखतात, बाबाचं तर विचारूच नको. मधला वारा हवा. पण मधला वारा काही मागून मिळत नाही. एक दिवस सगळं गुळगुळीत, दुसऱ्या दिवशी डब्लिनवाल्यांच्या टोप्या तळ्यात. एकदा दुपारी जरा बरं वाटलं, फेस्टी बूट घालून आलाही, तेवढ्यात वारा उत्तरेला फिरला. फेस्टी दारातच शिव्या घालत उभा राहिला, बाबा म्हणाला, "आत ये रे, वाऱ्याला ऐकू जात नाही, ऊनाला जातं."

रोज मी बातमी आणते, रोज तो मान हलवतो आणि म्हणतो, उद्या बघू. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत नाही. अलीकडे माझं असं झालंय, दात काढताना सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं. बोट लावलं तर कळतं की काहीतरी आहे, पण आपलं वाटत नाही. मी भाकरीचं पीठ मळते, कोंबड्यांना दाणे टाकते, त्याचे पाय चोळून देते. शेजारची मार्गरेट म्हणते, ऊना, तू किती खंबीर आहेस. खंबीर कसली, मला काही जाणवतच नाहीये. काल तुझा शाळेतला स्वेटर कपाटात सापडला. घडी घातली आणि परत ठेवला.

आता मंगळवारचं सांगते. नीट वाच, कारण हे तुलाच कळेल. सकाळी धक्क्यावर गेले तर नैऋत्येचा वारा, माझ्या डाव्या गालावर, एकसारखा, ना कमी ना जास्त. आभाळ मऊ ढगांनी भरलेलं, पण पावसाचं नाही. हवा उबदार. लाटा गुडघ्याइतक्या, बेटापर्यंत आणि बेटापलीकडंही, पांढरा ठिपका कुठं नाही. मेमाशा झुडपातून ढगासारख्या उठून पाण्यावर जात होत्या. काठ आत वळतो तिथं एक ट्राउट वर आला, मग त्याच्या शेजारी दुसरा. डब्लिनवालेसुद्धा गप्प झाले होते, घाईघाईनं होड्या सोडत होते. फेस्टी होडीतलं पाणी उपसून, बाबासाठी उशी मांडून तयार. मला म्हणाला, "वहिनी, असा दिवस वर्षातून एकदा येतो. तुझ्या नवऱ्याला उचलून आणू का?" मी जवळजवळ पळतच घरी आले. मी, या गुडघ्यांनी.

बाबानं सगळं ऐकून घेतलं. गाल कुठला ते विचारलं, मी सांगितलं. खिडकीतून बराच वेळ बघत राहिला. त्याला तिथून दिसत होतंच सगळं, नुआला. मग म्हणाला, "आज वारा बरा नाही. आज नाही."

आपल्या धक्क्यावरची रीत तुला सांगायला नको. कुणाचीही कशावरूनही टिंगल करावी, बायकोवरून, टकलावरून, माशाच्या मापावरून, पण कुणी आज नाही म्हटलं की का ते विचारायचं नाही. फेस्टीच्या आजोबांच्या काळात एकाला भित्रा म्हणून हसले, म्हणून तो होडी घेऊन गेला, आणि तो किंवा त्याच्याबरोबर गेलेले कुणीच परत आले नाहीत. तेव्हापासून कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, दोर बांधायचा आणि घरी जायचं. ही रीत मोडलेली मी कधी बघितली नाही. म्हणून मी विचारलं नाही. म्हटलं, बरं. फेस्टीला जाऊन सांगितलं. त्यानं उशी काखेत मारली, होडी बांधली आणि इतक्या चांगल्या दिवशी स्वतःही गेला नाही. दिवसभर लोकांनी टोपल्या भरून ट्राउट आणले. बाबा खिडकीत बसून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, सूप छान झालंय. दोन चमचे घेतलं होतं.

तुझ्या बाबानं आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या असतील. माशांच्या मापाबद्दल तर मारल्याच. पण वाऱ्याबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. मी त्या दिवशी बटाटे सोलायला बसले आणि पातेलं भरून वाहिलं तरी सोलतच राहिले. त्याला होडीत पाय टाकायची ताकद उरली नाही म्हणून नाही म्हणाला, की ही शेवटचीच खेप होईल म्हणून, की तुझ्याशिवाय जायचं नव्हतं म्हणून, मला माहीत नाही. तिन्ही मला खरी वाटतात. विचारता येत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ऑपरेशननंतर गॉलवेच्या डॉक्टरनं आम्हाला बसवून सांगितलं की आत सगळं पसरलंय, शिवून टाकण्यापलीकडं त्यांनी काही केलं नाही. हा उन्हाळा पुरा बघणार नाही म्हणाला. परत येताना बसमध्ये बाबानं माझ्याकडून शपथ घेतली की तुला कळवायचं नाही. म्हणाला, "तिचे अमेरिकेत राहायचे कागद जुलैत होतायत. आत्ता देश सोडून आली तर तिला परत घेणार नाहीत. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरच्या फरश्या पुसल्या तिनं, ते सगळं माझ्यापायी पाण्यात जायला नको." मी शपथ घेतली आणि आजपर्यंत पाळली. तो बरोबर बोलतोय हेही मला कळतं. नुआला, बाबा जुलै बघणार नाही. आलीस तर तुझी नोकरी, तुझी खोली, तो तुझा इमॉन, कदाचित सगळंच जाईल, आणि बाबा तुझ्यावर आणि माझ्यावर चिडेल. हे सगळं मी उलटसुलट करून पाहिलं. ये म्हणावं की नको, हे त्याच्याकडं बघून ठरत नाही आणि तुझ्याकडं बघूनही ठरत नाही. म्हणून शेवटी माझ्याकडं बघितलं. इतकं सगळं बाबाचं लिहिलं, पण पत्र त्याच्यासाठी नाहीये. तो रोज माझ्यासमोर थोडा थोडा जातोय आणि मी पलीकडं उभी राहून भांडी घासतेय, मला रडूसुद्धा येत नाही, आणि मला स्वतःची भीती वाटायला लागलीय. मला एकटीला हे जमत नाहीये, बाळा. मला तू हवी आहेस. ये.

तुझीच,
आई